उपजेचा कारकून

आपल्या गाण्यात 'उपज' हा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. शेतात जसं पीक उपजतं तसं गाता गाता आतून जे उगवतं ती उपज. राग ठरलेला, ताल ठरलेला, बंदिशही गुरूकडून आलेली. पण या सगळ्या ठरलेल्या गोष्टींच्या मधून एखादी सुरावट अशी निघते की गाणाऱ्यालासुद्धा ती येईपर्यंत तिचा पत्ता नसतो. बैठकीत अशी जागा आली की श्रोत्यांच्या तोंडून 'वा' निघते आणि गवई स्वतःच क्षणभर चकित होऊन हसतो. पुढच्या आवर्तनात ती जागा गेलेली असते.

हे फक्त मोठ्या गवयांच्याच बाबतीत होतं असं नाही. घरी संध्याकाळी पेटी पुढ्यात घेऊन बसणाऱ्या कुणालाही हा अनुभव आहे. चवथीच्या आरत्यांसाठी नाहीतर सप्ताहाच्या भजनासाठी सराव चाललेला असतो, बोटं आपल्या मनाने फिरत असतात आणि अचानक एक सुंदर चाल हाताखाली येते. एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. कागद शोधायला उठावं तर चाल तुटते, न उठावं तर 'राहील लक्षात' असं वाटतं. सकाळी लक्षात राहतं ते एवढंच, की काल काहीतरी छान सुचलं होतं.

मी सरकारी कचेरीतला कारकून. बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या कामातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. जो बोलतो त्याला आपण काय बोललो ते नीट सांगता येत नाही. बोलण्याच्या ओघात असलेला माणूस स्वतःचं बोलणं टिपू शकत नाही, त्याला टिपणारा दुसरा लागतो. संगीताचा इतिहास वाचताना मला हाच धागा सारखा दिसत राहतो. ज्यांना सुचलं त्यांची चरित्रं आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्यांनी ते धरून ठेवलं त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. म्हणून आज या 'उपजेच्या कारकुना'बद्दल लिहायचं ठरवलं. आणि यातली बरीचशी मंडळी आपल्या गोव्याचीच निघाली, हा आणखी एक आनंद.

पहिला कारकून म्हणजे कान. जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ साली वारले. त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. तरीही त्यांची गायकी कशी होती याबद्दल आपण इतक्या खात्रीने बोलतो, कारण त्यांच्यासमोर बसून ती कानांनी टिपणारे शिष्य होते. त्यातल्या दोघी आपल्या. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. मोगूबाईंनी तीच विद्या आपल्या मुलीला, म्हणजे किशोरी आमोणकरांना दिली. किशोरीताईंनी एका मुलाखतीत सांगितलं होतं की आई स्थायी-अंतरा फक्त दोनदा गाऊन दाखवायची, तिसऱ्यांदा कधीच नाही. जे काय टिपायचं ते त्या दोन वेळांत टिपायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर ही रेकॉर्डिंगची तालीमच झाली. कान इतके तयार करायचे की समोरून जे येईल ते तत्क्षणी उमटलं पाहिजे.

या पद्धतीचा मोठा गुण असा की शिष्याचा कान नुसते स्वर धरत नाही. गुरूने कुठे श्वास घेतला, कोणत्या स्वरावर किती रेंगाळला, समेवर येताना काय टाळलं हे सगळं तो धरतो. आणि काय धरण्याजोगं आहे याची निवडही करतो. दोषही तितकाच मोठा. शिष्य गेला की वही जळाली. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचंही ध्वनिमुद्रण नाही. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवर'च्या चाली त्यांच्या, त्या अजून गायल्या जातात. म्हणजे बुवांनी पक्कं करून दुसऱ्यांच्या गळ्यात घातलेलं आपल्याला मिळालं. पण घरी तंबोरा लावून बसलेल्या बुवांना एखाद्या पहाटे जे सुचलं असेल आणि जे ऐकायला कुणी नसेल, ते गेलं. त्याची गणती कुणी करू शकत नाही.

दुसरा कारकून म्हणजे लेखणी. आपल्याकडे स्वरलिपी रूढ करण्याचं श्रेय मुख्यतः दोघांना जातं. विष्णु दिगंबर पलुसकर, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि विष्णु नारायण भातखंडे, ज्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग आजही शिकणाऱ्यांच्या पिशवीत असतात. भातखंड्यांची लिपी अगदी सोपी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली कंस. दहा मिनिटांत शिकता येते. हजारो बंदिशी या लिपीमुळे वाचल्या.

पण बंदिश वाचणं आणि उपज वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरबारीतला कोमल गंधार कागदावर 'ग' आणि खाली एक रेघ एवढाच उतरतो. प्रत्यक्षात तो गंधार डोलत असतो, आणि ते डोलणं म्हणजेच दरबारी. मींड दाखवायला लिपीत कमान आहे, पण ती कमान वाटेत कुठे थांबली, कुठे घाई केली हे दाखवायची सोय नाही. आमच्या कचेरीच्या इतिवृत्तातही 'सविस्तर चर्चा झाली' एवढंच येतं, कोण कुणावर आवाज चढवून बोललं ते येत नाही. तसंच हे.

आता गोव्याची गंमत पाहा. आपल्या या चिमुकल्या मुलखात टिपण्याच्या दोन पूर्ण वेगळ्या परंपरा शेजारी-शेजारी नांदल्या. देवळाच्या चौकात आणि कलावंतांच्या घरांत सगळं कानावर चाललं. आणि चार पावलांवरच्या इगर्जेत पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी. चर्चच्या शाळांतून 'मेस्त' मुलांना सोल्फेज, म्हणजे कागद बघून स्वर म्हणणं शिकवायचे, व्हायोलिन शिकवायचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ही विद्या इथे आली ती धर्माच्या कामासाठी. पुढे तिने पोट भरायलाही मदत केली. मुंबईच्या हॉटेलांतले बँड, आणि नंतर हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद यांत गोंयकार इतके कसे, या प्रश्नाचं उत्तर या इगर्जेच्या शाळांत आहे.

हिंदी चित्रपटातलं गाणं कसं जन्माला यायचं ते आठवा. संगीत दिग्दर्शकाच्या म्युझिक रूममध्ये, पुष्कळदा त्याच्या घरच्याच खोलीत, 'सिटिंग' व्हायची. दिग्दर्शक पेटीवर बसायचा, गुणगुणायचा, चाल फिरवून बघायचा. ही शंभर टक्के उपजच. पण बहुतेक दिग्दर्शकांना स्टाफ नोटेशन येत नसे, आणि पुढे स्टुडिओत पंचवीस-तीस व्हायोलिनवाल्यांसमोर ती चाल ठेवायची म्हणजे ती कागदावर हवी. हे काम अरेंजर करायचा, आणि हा अरेंजर अनेकदा गोव्याचा असायचा. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबास्टियन डिसोझा. सी. रामचंद्र यांच्याकडे हळदोण्याचे चिक चॉकलेट, ज्यांचा ट्रम्पेट १९५१ च्या 'अलबेला'मुळे घराघरांत पोचला. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, ज्यांनी पुढे 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट काढले. आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, व्हायोलिन शिकवणारे, ज्यांच्या शिष्यांत राहुल देव बर्मन आणि प्यारेलाल होते. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या प्रसिद्ध गाण्यात जे नाव आहे ते यांचंच. प्यारेलालजींनी गुरूला केलेला तो नमस्कार होता.

या लोकांनी केवळ लिहून घेतलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. गुणगुणलेली चाल कागदावर घेताना तिच्याखाली कोणते स्वर उभे करायचे, दोन ओळींच्या मधली जागा कुठल्या वाद्याने भरायची हे त्यांचं डोकं. इतिवृत्त लिहिणाराच कधीकधी सभेचा निर्णय नीट शब्दांत आणतो, तसं. पण पडद्यावरच्या नामावळीत त्यांची नावं बहुधा नसत, असलीच तर 'सहायक' म्हणून कोपऱ्यात. कारकुनाचं दुःख कारकुनालाच कळतं, म्हणून हा मुद्दा जरा लांबवला.

टिपणारा दुसरा लागतो, असं मी वर म्हटलं. याला एक विलक्षण अपवाद आहे, आणि तो आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या माणसाचा. कुमार गंधर्व. ऐन तारुण्यात क्षयाने गाठलं, हवापालटासाठी १९४८ च्या सुरुवातीला ते माळव्यातल्या देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पाच-सहा वर्षांचा मुलगा असल्यापासून ज्याचा गळा थांबला नव्हता तो माणूस काही वर्षं अंथरुणावर गप्प पडून. खिडकीतून माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी ऐकू यायची. दळताना, लग्नात, सणावारी म्हटलेली. गाता येत नव्हतं म्हणून कुमारजींनी ऐकलं आणि टिपलं. एकेका लोकधुनेत कोणता राग बीजरूपाने दडलाय ते शोधलं. स्ट्रेप्टोमायसिनच्या उपचारांनी ते बरे झाले, १९५२ नंतर पुन्हा मैफलीत गाऊ लागले, आणि त्यांच्या गाण्यात मालवती, संजारी, लगनगंधार, मधसुरजा, अहिमोहिनी असे 'धुनउगम' राग आले. १९६५ साली त्यांचा 'अनुपरागविलास' हा बंदिशींचा ग्रंथ स्वरलिपीसह निघाला.

मला यात विशेष वाटतं ते हे. सुचणारा आणि टिपणारा एकाच माणसात राहू शकले, कारण आजाराने त्यांच्या वेळा वेगळ्या केल्या. आधी बरीच वर्षं टिपणं, मग गाणं. दोन्ही कामं एकाच क्षणी करायचा प्रयत्न कुमारजींनाही करावा लागला नाही. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे, तो ध्यानात असू द्या.

तिसरा कारकून म्हणजे यंत्र. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजानच्या तबकड्या निघाल्या. पुढची वीस-पंचवीस वर्षं ध्वनिमुद्रण म्हणजे विजेचा मायक्रोफोन नसलेला कर्णा. त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचं, मेणाच्या तबकडीवर सुई खाचा पाडणार, चुकलं की ती तबकडी बाद. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. बैठकीत पाऊण तास चालणारा ख्याल तीन मिनिटांत कोंबायचा म्हणजे आधी आखणी हवी. आलाप इतके, ताना इतक्या, शेवटची सम इथे. उपजेला लागतो तो रिकामा वेळ, आणि तबकडीत नेमका तोच नव्हता. जुन्या तबकड्या ऐकताना मला नेहमी वाटतं की आपण मोठ्या गवयांची सही पाहतो आहोत, पत्र नव्हे.

सहीसुद्धा केवढी मोलाची ठरावी! केसरबाईंची भैरवीतली 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची तबकडी अमेरिकेने अंतराळात धाडलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या रेकॉर्डवर आहे. ती रेकॉर्ड घेऊन दोन व्हॉयेजर यानं १९७७ च्या २० ऑगस्टला आणि ५ सप्टेंबरला निघाली. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. केरीच्या या बाईंचा आवाज आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे आहे, आणि घरच्या रियाजात त्या काय गात होत्या हे मात्र आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नाही.

घराचा खरा स्टुडिओ झाला तो फितीमुळे. चुंबकीय फितीचं यंत्र जर्मनीत १९३५ साली लोकांपुढे आलं, युद्धानंतर ते जगभर गेलं, आणि १९५० नंतरच्या दशकांत आपल्याकडच्या सुखवस्तू रसिकांच्या घरी ग्रुंडिग, फिलिप्स अशा कंपन्यांचे स्पूल टेपरेकॉर्डर दिसू लागले. बाराशे फुटांचं एक स्पूल सेकंदाला साडेसात इंच या वेगाने बत्तीस मिनिटं चाले, वेग निम्मा केला तर चौसष्ट मिनिटं. म्हणजे प्रथमच अख्खा राग मावला. आणि फीत पुसून पुन्हा वापरता येई, त्यामुळे वाया गेल्याची भीती गेली. दिवाणखान्यात पंचवीस माणसांची बैठक, कोपऱ्यात फिरणारी दोन चाकं. आज आपण ज्या 'खासगी मैफली' म्हणून ऐकतो त्या या हौशी मंडळींनी धरलेल्या आहेत. कुणी वकील, कुणी डॉक्टर, कुणी व्यापारी. त्यांचीही नावं लोकांना ठाऊक नाहीत.

कलावंतांना हे सगळं गोड वाटत होतं असं समजू नका. केसरबाई रेकॉर्डिंगच्या बाबतीत किती कडक होत्या याच्या आठवणी जुन्या श्रोत्यांनी सांगितल्या आहेत. हा निव्वळ हट्ट नव्हता. तबकडीचे पैसे मिळत, बैठकीची बिदागी मिळे, पण कोपऱ्यातल्या त्या चाकांचं कुणी काही देत नसे. वर्षानुवर्षं गुरूच्या घरी राबून मिळवलेली जागा कुणीही फुकट शंभरदा ऐकून उचलू शकणार. त्याहून खोल कारण असं की उपज ही धोका पत्करल्याशिवाय येत नाही. नवीन वाटेने जायचं तर पडण्याची तयारी हवी. श्रोत्यांसमोर पडलं तर दोन मिनिटांत विसरलं जातं, फितीवर पडलं तर ते कायम. मग माणूस सावध होतो, आणि सावध माणसाला सुचत नाही. टिपणारा समोर बसलाय हे कळलं की बोलणारा बेतून बोलतो, हे आमच्या बैठकांतही रोज दिसतं.

याचा दुसरा बाजूने दाखला अमेरिकेतला आहे. घरात स्टुडिओ थाटण्याची कल्पना लोकप्रिय करणाऱ्यांत गिटारवादक लेस पॉल हे मोठं नाव. त्यांनी हॉलिवूडच्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एकट्याने गिटारीचे आठ थर एकावर एक चढवून 'लव्हर' ही रेकॉर्ड केली, ती १९४८ साली निघाली. १९७९ साली टीअॅक कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं 'पोर्टास्टुडिओ' काढलं आणि ही सोय मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, या यंत्रावर काही गाणी घेतली. गाणी लिहून तयार होती, पण गाणं म्हणण्यात कसलीच तयारी नव्हती, कारण हा नुसता कच्चा खर्डा होता. पुढे स्टुडिओत सगळ्या बँडबरोबर तीच गाणी पुन्हा करून पाहिली, ती जमेनात. शेवटी खिशात घालून फिरवलेली ती कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने त्या वर्षी सप्टेंबरात प्रसिद्ध झाली. कुणी ऐकतंय याचं भान नसताना जे आलं ते भान आल्यावर पुन्हा आलं नाही. केसरबाईंचा नकार आणि ही कॅसेट या दोन्हींचा अर्थ मला एकच वाटतो. टिपणारा हवा, पण तो गाणाऱ्याच्या नजरेत येता कामा नये.

आज तसा कारकून प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईल आहे. जरा हौस असेल तर लॅपटॉप, दोन माइक लागतील असा एक छोटा डबा आणि 'ऑडॅसिटी'सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढ्यात घरचा स्टुडिओ होतो. आमच्या घराच्या स्टुडिओत अधूनमधून पदेराच्या सायकलीचा पों-पों आणि पावसाळ्यात नळ्यांवर पडणाऱ्या सरी आपोआप साथीला येतात, ते सोडा. यंत्रं तर आता इतकी पुढे गेली आहेत की 'एबलटन लाइव्ह' या सॉफ्टवेअरच्या २०१८ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत 'कॅप्चर' नावाची सोय झाली. तुम्ही रेकॉर्डचं बटन दाबलेलंच नसतं, कीबोर्डवर सहज वाजवत असता, काहीतरी छान येऊन जातं, मग कॅप्चर दाबायचं आणि आधी वाजवलेलं हजर. अर्थात हे कीबोर्डवरच्या पट्ट्यांपुरतं, गळ्यापुरतं नव्हे. पण 'राहील लक्षात' म्हणणाऱ्या माणसाची ओळख यंत्राला पटली, एवढं खरं.

मग प्रश्न सुटला का? माझ्या मते फक्त जागा बदलली. साध्या हिशेबाने बघू. चांगल्या प्रतीचं, म्हणजे २४ बिट ४८ किलोहर्ट्झचं एका माइकचं रेकॉर्डिंग तासाला पाचशे एमबीच्या थोडं वर जातं. रोज दोन तास बसलो तर दिवसाला एक जीबी. साठवायला ते काही फार नाही. पण दोन तासांचं ऐकायला दोन तास लागतात, आणि नोकरी करणाऱ्या माणसापाशी दुसरे दोन तास नसतात. शिष्याचा कान टिपताना निवडत होता, अरेंजर टिपताना निवडत होता. यंत्र सगळं टिपतं आणि काहीच निवडत नाही. ज्या फाईलवर शेरा नाही ती फाईल असून नसल्यासारखी, हे कुठल्याही कचेरीत विचारा.

म्हणून कुमारजींच्या गोष्टीतून घेतलेला धडा मी आपल्या छोट्या कुवतीत वापरतो. सुचण्याची वेळ आणि टिपण्याची वेळ वेगळी करायची. बसण्याआधीच रेकॉर्डिंग चालू करायचं आणि यंत्र पाठीमागे ठेवून विसरायचं. काही छान आलं तर थांबायचं नाही, फक्त एक जोराची टाळी द्यायची. पडद्यावर आवाजाची जी आकृती दिसते तिच्यात ही टाळी काठीसारखी उभी दिसते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पंधरा मिनिटं काढून फक्त त्या काठ्यांच्या आधीचा अर्धा-अर्धा मिनिट ऐकायचा. त्यातलं जे दुसऱ्या दिवशीही बरं वाटेल तेवढं कापून, तारीख, राग, काळी एक की पांढरी चार ते लिहून ठेवायचं, आणि भातखंड्यांच्या लिपीत वहीत उतरवायचं. लिपीत सगळं येत नाही हे खरं, पण उतरवताना कानाला जे पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं त्याने ती जागा आपली होते. मोगूबाईंच्या त्या 'दोनदाच'चा हा आळशी माणसासाठी केलेला सोपा अवतार समजा. बाकीचं पुसून टाकायचं. दहा टाळ्यांतून एखादीच टिकते. पण ती टिकते.

शेवटी एक गोष्ट, जी मला या सगळ्याहून जास्त टोचते. आपल्या गोव्यात कितीतरी घरांत स्पूलं आणि कॅसेटी पडून आहेत. गल्फमधून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या. देवळातल्या भजनाच्या, नाटकांच्या, लग्नाच्या आदल्या रात्री ओसरीवर झालेल्या बैठकीच्या. त्यांत एखाद्या अशा आजोबांची उपज असेल ज्यांचं नाव कुठल्याही पुस्तकात येणार नाही. आपल्या हवेत फितीला बुरशी लागते, थर सुटतो, जुन्या प्रकारच्या काही फितींना आंबट वास यायला लागतो, तो त्या संपत आल्याची खूण असतो. बुरशी लागलेली फीत घाईने यंत्रात घालू नये, जाणत्याकडून साफ करून घ्यावी आणि तिची एक प्रत संगणकावर, दुसरी दुसऱ्या घरी ठेवावी.

पण त्याआधीचं काम बिनपैशाचं आहे. डब्यावर लिहा. कोण गातंय, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, कुणाच्या घरी, कुठल्या साली. हे सांगू शकणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. फितीवरचा आवाज उद्या एखाद्या वेळेस सोडवता येईल, पण तो कुणाचा हे सांगणारं माणूस नसेल तर तो कुणाचाच राहणार नाही. मृगाचा पाऊस लागायच्या आत कपाट उघडा, जवळच्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि पेन घ्या.